कल्याणचा बिशप, ठाण्याचे साधू आणि मेणवलीची घंटा

हा भाग ज्यांनी ऐकला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी नावं लिहून मागितली होती, कारण ग्रीक आणि पोर्तुगीज नावं कानाने पकडणं अवघड जातं. म्हणून हे लिखित रूप. बोलताना मी मध्येच चहा प्यायला थांबलो होतो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास जसं बोललो तसंच आहे.

सुरुवात इफिससपासून करू. तुम्ही फोटो नक्की पाहिलाय, नाव माहीत नसेल एवढंच. संगमरवरी खांबांची दुमजली दर्शनी भिंत, मागे निळं आकाश, समोर टोप्या घातलेले पर्यटक. ते सेल्ससचं ग्रंथालय. इफिसस हे मूळचं ग्रीक शहर, आज तुर्कस्तानात, सेल्चुक नावाच्या गावाजवळ. मराठी बायबलमध्ये त्याचं नाव 'इफिस' आहे. पौल तिथे राहिला होता. तिथल्या चांदीच्या कारागिरांची एक गोष्ट 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येते. दिमेत्रिय नावाचा सोनार-चांदीवाला, आर्तमिस देवीची छोटी रुपेरी देवळं बनवून विकणारा. नव्या धर्मामुळे आपला धंदा बसणार म्हणून तो बाकीच्या कारागिरांना भडकवतो आणि सगळा जमाव नाट्यगृहात घुसून दोन तास घोषणा देतो. ते नाट्यगृह आजही उभं आहे. सुमारे २५,००० माणसं बसतील एवढं. तिकीट काढा, पायऱ्यांवर बसा, गोष्ट वाचा, समोर जागा. शिवाय मरीयेच्या चर्चचे अवशेष आहेत, जिथे ४३१ साली मोठी धर्मसभा भरली. टेकडीवर योहानाची बॅसिलिका आहे, सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेली. २०१५ पासून हे सगळं युनेस्कोच्या यादीत आहे.

म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातल्या जागा बघायच्या तर माणसं तिकडे जातात, ग्रीसमध्ये करिंथ, थेस्सलोनिकीला जातात, आणि ते बरोबरच आहे.

आता मी तुम्हाला विचारतो, महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं पहिल्यांदा कधी राहिली?

आपल्या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात विचारलं तर उत्तर ठरलेलं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल. डॉक्टर वॉन्लेस, १८९४. कोल्हापूरकर थोडे मागे जातील, अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर तिथे १८५२ साली आले होते. इतिहासाची आवड असलेला कोणी असेल तर म्हणेल पोर्तुगीज, वसई, १५३४. यातलं काहीच चूक नाही. पण इफिससची ती टेकडीवरची बॅसिलिका ज्या काळात बांधली गेली, साधारण त्याच काळात एका ग्रीक पुस्तकात लिहिलेलं सापडतं की कल्लियाना नावाच्या ठिकाणी एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते.

कल्लियाना. म्हणजे बहुतेक आपलं कल्याण. कल्याण जंक्शन, फास्ट लोकल, तेच.

पृथ्वी सपाट मानणारा साक्षीदार

हे पुस्तक लिहिणारा माणूस मोठा मजेशीर आहे. त्याला कॉस्मास इंडिकोप्लेउस्टेस म्हणतात. आडनावाचा अर्थ 'भारताकडे जहाजाने गेलेला'. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा व्यापारी, उतारवयात साधू झाला आणि इसवी सन ५५० च्या आसपास त्याने 'ख्रिस्ती भूवर्णन' नावाचा ग्रंथ लिहिला. ग्रंथाचा मुख्य उद्देश काय? पृथ्वी गोल नाही, ती एखाद्या पेटीसारखी, बायबलमधल्या पवित्र मंडपाच्या आकाराची आहे, हे सिद्ध करणं. खरंच. विषय निघाला की हा माणूस पानंच्या पानं गोल पृथ्वीवाल्यांवर तुटून पडतो.

मग अशा माणसाचं कल्याणबद्दल का ऐकायचं?

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस आहे, त्यामुळे मला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. एखादा प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देत असला तरी तो कधी सुरू झाला, कुठल्या फाइलला हात लावला, हे तो लॉगमध्ये खरं लिहितो, कारण त्यात खोटं लिहायला त्याला कारणच नसतं. कॉस्मासचं तसंच आहे. त्याचा पृथ्वीचा सिद्धांत सोडून द्या. पण जाता जाता तो सांगतो की कुठल्या बंदरात काय माल मिळतो, कुठे कोण राहतं. ती व्यापाऱ्याची माहिती आहे. सिलोनमध्ये ख्रिस्ती आहेत, मिरी पिकते त्या मलबारमध्ये आहेत, कल्लियानात आहेत आणि तिथे बिशप आहे. दुसऱ्या एका प्रकरणात तो कल्लियानाच्या बाजारात तांबं, लाकडाचे ओंडके आणि कापड मिळतं असं सांगतो.

कल्लियाना म्हणजे कल्याणच कशावरून, हा वाद आहे. काही अभ्यासक म्हणतात ते केरळातलं कोल्लम असावं, काही जण उडुपीजवळच्या कल्याणपूरकडे बोट दाखवतात. माझं मत कल्याणच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण साधं आहे. कॉस्मास बंदरांची यादी देतो, ती वरून खाली किनाऱ्याने येते. आधी सिंधू, मग ओर्‍होथा म्हणजे सौराष्ट्राकडचा भाग, मग कल्लियाना, मग सिबोर, जे बहुतेक जण अलिबागजवळचं चौल मानतात, आणि त्यानंतर मलबारची पाच बंदरं. आता गुजरात आणि चौल यांच्यामध्ये कोण आहे? मॅप उघडून बघा. उल्हास नदीच्या खाडीवरचं कल्याण बरोबर तिथेच बसतं. कोल्लम असतं तर मलबारच्या यादीत आलं असतं.

शिवाय कल्याण हे बंदर ग्रीकांना नवीन नव्हतं. कॉस्मासच्या जवळपास पाचशे वर्षं आधी, पहिल्या शतकात, एका अनाम ग्रीक खलाशाने 'पेरिप्लस' नावाची समुद्रवाटांची वही लिहिली. तिच्यात कल्याण आहे, सोपारा आहे, चौल आहे. तिथे एक मस्त बारीक माहिती येते. त्या काळी कल्याण वेगळ्या राजाच्या ताब्यात गेलं होतं आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहारा लावून सरळ भडोचला नेली जात. आजच्या भाषेत, कस्टम्सची भानगड.

एवढं सगळं ऐकून तुम्ही कल्याणला उतरलात तर काय दिसेल? काहीच नाही. खाडी आहे, दुर्गाडी किल्ला आहे, तो फार नंतरचा. बिशपचं चर्च, थडगं, क्रूस, यातलं काहीही कल्याणला मिळालेलं नाही. इफिससचंही बंदर नदीच्या गाळाने बुजलं आणि समुद्र मैलोगणती दूर गेला. पण तिथे शहर ओस पडलं म्हणून दगड जागेवर राहिले. कल्याण कधी ओस पडलंच नाही. माणसं तिथे राहत राहिली, घरांवर घरं बांधत राहिली. शहर चालू राहिलं म्हणून जुनं शहर दिसत नाही, असा हा उलटा हिशोब आहे.

यवन आपल्या दारात

आता तुम्ही म्हणाल, ग्रीक जहाजं किनाऱ्यावर आली असतील, आपल्या घाटावरच्या गावांचा काय संबंध. तर इस्लामपुरातून पेठ नाक्यावर या, हायवे पकडा आणि कोल्हापूरला जा. टाऊन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची एक कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव. मुठीत मावेल एवढी, पण अंगाची ठेवण बघितली की कळतं हा इथला कारागीर नाही. १९४५ च्या सुमारास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं, तिथे रोमन बनावटीच्या कांस्य वस्तूंबरोबर ती मिळाली. समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्रीच्या या बाजूला, समुद्राचा देव. कोणीतरी घाट चढून तो इथे आणलाय.

आणि कार्ले. लोणावळ्याजवळ, एकवीरेचं देऊळ आहे तिथेच. लोक आईच्या दर्शनाला जातात, रांगेत उभे राहतात आणि शेजारचं चैत्यगृह घाईत बघून उतरतात. पुढच्या वेळी आतल्या खांबांकडे नीट बघा. त्यातले कित्येक खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दान दिलेत, तसं ब्राह्मीत कोरलंय. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा त्या बाजूचे पाश्चात्त्य. पण नावं बघा, सिहधय, धम. आपली नावं घेतलेली, बुद्धाच्या लेण्याला देणगी दिलेली. जुन्नरला पण यवनांची दानं आहेत.

हे ख्रिस्ती नव्हते, गैरसमज नको. ही लेणी कॉस्मासच्या कितीतरी आधीची. हे सांगायचं कारण वाट. जहाज सोपारा-कल्याणला लागायचं, माल नाणेघाटाने जुन्नरला चढायचा, तिथून पुढे तेर, कऱ्हाड, कोल्हापूर. त्या वाटेवरून तांबं गेलं, दारूचे कुंभ गेले, मूर्ती गेल्या, मग माणसं आणि त्यांचे देवही गेले असणार. नवा धर्म जहाजातून येतो तेव्हा तो वेगळ्या दारातून येत नाही.

इथे एक परंपरा सांगायला हवी, कारण ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. येशूच्या बारा शिष्यांपैकी बार्थोलोमिव्ह स्वतः कल्याणला आला होता, अशी. तिचा आधार म्हणजे चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस. तो सांगतो की अलेक्झांड्रियाचा पँटेनस नावाचा विद्वान दुसऱ्या शतकाच्या अखेरीस 'भारतात' गेला आणि तिथे त्याला बार्थोलोमिव्हने ठेवलेलं मत्तयाचं शुभवर्तमान मिळालं. यात कल्याणचं नाव नाही. शिवाय त्या काळचे ग्रीक लेखक इथिओपियाला आणि दक्षिण अरबस्तानालाही बिनधास्त 'भारत' म्हणायचे. त्यामुळे ही गोष्ट श्रद्धा म्हणून ठेवावी, पुरावा म्हणून नाही. कॉस्मासच्या एका वाक्याला मी याहून जास्त किंमत देतो.

पर्शियाचा बिशप कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. रोमचा नाही, ग्रीक शहरातला नाही, पर्शियाचाच का?

उत्तर परत इफिससला नेतं. ४३१ सालच्या त्या धर्मसभेत भांडण होतं एका शब्दावरून. मरीयेला 'देवाची माता' म्हणायचं की 'ख्रिस्ताची माता'? कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख नेस्टोरियस दुसऱ्या बाजूचा. तो हरला, पदावरून गेला. पर्शियातलं चर्च तसं आधीपासूनच वेगळं चालत होतं, कारण पर्शिया आणि रोम एकमेकांचे शत्रू. शत्रूच्या राजधानीतून हुकूम घेणारं चर्च पर्शियाच्या राजाला कसं चालेल? नंतर हे चर्च नेस्टोरियसला मानत राहिलं आणि पाश्चात्त्यांनी त्याच्यावर 'नेस्टोरियन' असा शिक्का मारला. ते स्वतःला पूर्वेचं चर्च म्हणायचे. त्यांची प्रार्थना सिरियाक भाषेत, येशूच्या आरामाइकची जवळची बहीण.

आणि सहाव्या शतकात अरबी समुद्राचा व्यापार कोणाच्या हातात? पर्शियन व्यापाऱ्यांच्या. म्हणून कल्याणला बिशप पर्शियातून. जिथून जहाज, तिथून पुजारी. मुंबईतल्या कान्हेरीच्या लेण्यांत अकराव्या शतकाच्या सुरुवातीचे, १००९ आणि १०२१ चे पहलवी लिपीतले लेख आहेत, तिथे फिरायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं खडकावर कोरून ठेवलीत. ते झरथुष्ट्री, पण वाट तीच. आणि २००१ साली गोव्यात झुआरी नदीकाठच्या आगशी गावात (विरारजवळची आगाशी नव्हे) एक दगडी क्रूस मिळाला, त्याच्यावर पहलवी लेख आहे. तसेच क्रूस केरळात आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आहेत. आगशीचा क्रूस आता पिलारच्या संग्रहालयात आहे. कोकणपट्टीवर पर्शियन ख्रिस्ती होते याचा हातात धरता येईल असा दगड मला तरी हाच माहीत आहे.

ठाणे, एप्रिल १३२१

कॉस्माससारखाच ओझरता पुरावा पुन्हा मिळतो तो थेट चौदाव्या शतकात. मधली आठशे वर्षं जवळजवळ अंधार.

चार फ्रान्सिस्कन साधू आणि त्यांच्याबरोबर जॉर्डानुस नावाचा फ्रेंच डॉमिनिकन साधू जहाजाने केरळातल्या कोल्लमला निघाले होते. जहाज भरकटलं आणि ठाण्याला लागलं. ठाण्यात ते उतरले कोणाकडे? तिथल्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांकडे. म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती घरं होती, आणि तीही पर्शियन परंपरेची.

पुढे जे झालं ते नवरा-बायकोच्या भांडणातून. जॉर्डानुस सोपारा-भडोचकडे गेलेला. इकडे यजमान घरात भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं आणि ती काजीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीदार कोण, तर घरी उतरलेले पाहुणे. साधूंना बोलावलं, प्रश्नांवरून प्रश्न निघाले, गोष्ट धर्मावर गेली. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्याच्या अधिकाऱ्याने चौघांनाही मारलं. थॉमस टोलेंटिनोचा, जेम्स पादुआचा, पीटर सिएनाचा आणि दिमेत्रियस तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियाचा. हा भाषा जाणणारा, दुभाष्याचं काम करणारा. (इफिससच्या चांदीवाल्याचं नाव आणि याचं नाव एकच, हा निव्वळ योगायोग.) जॉर्डानुसने परत येऊन मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले.

दोन-तीन वर्षांत ओदोरिक नावाचा दुसरा इटालियन साधू ठाण्याला पोचला. त्याने त्या अस्थी उकरून बरोबर घेतल्या आणि थेट चीनला, त्सुआनचौ बंदरातल्या फ्रान्सिस्कन मठात नेल्या. त्याच्याच प्रवासवर्णनामुळे ही कथा युरोपभर गेली. जॉर्डानुसला १३२९ साली पोपने कोल्लमचा बिशप नेमलं.

म्हणून ठाण्याला गेलात तर काय बघायचं, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन चर्च आहे, छान आहे, पण ते पोर्तुगीज काळातलं. १३२१ ची अस्थी पण उरली नाही. आपल्याकडे या सगळ्या इतिहासाची हीच अडचण आहे, माणसं इथली आणि कागद इटलीत.

वसईचा दगड

दगड बघायचा असेल तर वसई. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून किल्ल्यापर्यंत बस किंवा रिक्षा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात हा भाग पोर्तुगिजांना दिला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी तो जिंकला. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, सगळ्यांची चर्च उभी राहिली. छपरं गेलीत, वडाची मुळं भिंतीत शिरलीत, प्री-वेडिंगवाले जागोजागी असतात. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीकडे बघत चाला, पायाखाली पोर्तुगीज लेखांच्या थडग्यांच्या शिळा आहेत.

जेझुइट चर्चला आता लोक गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणतात. हा वसईत जन्मलेला. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत हा वसईकर आहे, हे किती जणांना माहीत असतं?

पण मी तुम्हाला थांबायला सांगेन ते सेंट जोसेफ चर्चच्या दाराशी. हे मुख्य चर्च, उंच मनोरा आहे तेच. तिथल्या लेखात आहे की १६०१ साली, अलेशो दि मेनेझेस गोव्याचा आर्चबिशप असताना, हे चर्च नव्याने बांधलं. हे नाव लक्षात ठेवा. याच मेनेझेसने दोन वर्षं आधी, १५९९ मध्ये, केरळात उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. तिथल्या जुन्या सिरियन ख्रिस्ती लोकांना रोमच्या शिस्तीत आणायला. त्यात त्यांचे सिरियाक ग्रंथ एकतर दुरुस्त करायचे नाहीतर जाळायचे असा हुकूम झाला, आणि ग्रंथ जाळले गेले. म्हणजे ज्या पर्शियन परंपरेचा बिशप कल्याणला होता, ज्या परंपरेच्या घरात ठाण्याचे साधू उतरले होते, तिच्या पोथ्या याच माणसाच्या हुकमाने राख झाल्या. जुना पुरावा का मिळत नाही, त्याची सगळी कारणं गाळ आणि बांधकाम एवढीच नाहीत.

त्याच काळात दुसरी गोष्ट पण घडत होती. गोव्यात राशोलला १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. इंग्रज जेझुइट, आणि ग्रंथ ओवीबद्ध मराठीत. येशूची कथा, पण ज्ञानेश्वरीच्या घरातल्या छंदात. छापलं मात्र रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते.

माझ्या टीममध्ये एक वसईचा आहे. ख्रिस्ती, घरी सामवेदी बोलतो, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहितो. नवीन कोणी जॉइन झालं की नाव ऐकून त्याला विचारतं, 'तू मूळचा गोव्याचा का?' त्याचं उत्तर ठरलेलं: 'वसईचा. त्याच्या आधी वसईचा. त्याच्याही आधी वसईचा.' ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच होते, 'सुबोध बायबल' त्यांचंच. तेव्हा त्यांच्या निवडीला विरोध करणारे फोन आले होते, हे बातम्यांत होतं. मी हा भाग करायला घेतला त्याचं खरं कारण हा 'मूळचा कुठला' प्रश्न आहे. कॉस्मासचं वाक्य धरलं तर त्याचं उत्तर साडेचौदाशे वर्षांच्या पलीकडे जातं.

आणि घंटा आपल्याकडे

वसई पडल्यावर मराठ्यांनी चर्चच्या घंटा उतरवल्या. विजयाची खूण म्हणून त्या हत्ती-गाड्यांनी घाटावर आल्या आणि देवळांत बसल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक, भीमाशंकरला एक. आणि एक आपल्या साताऱ्यात, वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर. नाना फडणविसांचा वाडा आहे तिथेच. 'स्वदेस' सिनेमा तिथे झाला म्हणून गर्दी असते, आणि गर्दीतले बहुतेक जण घंटेखाली उभं राहून सेल्फी काढतात पण घंटा बघत नाहीत.

नीट बघा. घंटेवर १७०७ हे साल आहे आणि मरीया आहे, कडेवर बाळ येशू. वसई पडली तेव्हा नाना जन्मले पण नव्हते, ते १७४२ चे. म्हणजे घंटा त्यांच्यापेक्षा वयाने मोठी. इफिससला ४३१ मध्ये जिच्या बिरुदावरून धर्मसभा पेटली होती, ती आपल्या कृष्णेकाठी महादेवाच्या शेजारी शांत टांगलेली आहे. तेच पाणी पुढे कऱ्हाडवरून आपल्या वाळवा तालुक्याच्या कडेने सांगलीला जातं.

वसईच्या त्या मित्राला मी फोटो पाठवला. त्याचा रिप्लाय: 'नीट वाजते ना अजून?'

ही लूट होती का? होती. युद्धात जिंकलेल्याच्या वस्तू उचलून आणणं याला दुसरा शब्द नाही, आणि तो वापरायला आपल्याला लाज वाटू नये. पण त्या काळी घंटेचा धातू वितळवून तोफ ओतणं ही सगळ्या जगभरची रीत होती. ती वितळवली गेली नाही, देवासमोर टांगली, म्हणून मरीया आज दिसते. परत द्यावी का, असं मला एका श्रोत्याने विचारलं होतं. माझ्या मते आधी तिथे एक साधा फलक लावावा, की ही कुठली, कधीची, वर कोण आहे. फलक लावायला कोणाचा विरोध असायचं कारण नाही, आणि खर्च तर एका लग्नाच्या फ्लेक्सपेक्षा कमी.

जायचं असेल तर दोन वेगळ्या फेऱ्या करा, एकात कोंबू नका. पहिली एका दिवसाची: इस्लामपूर, सातारा, सुरूर फाट्यावरून वाई, मेणवली. सकाळी लवकर गेलात तर घाट रिकामा मिळतो आणि तिरप्या उजेडात घंटेवरची आकृती उठून दिसते; दुपारी फोटोत काहीच येत नाही. कोल्हापूरचा पोसायडन वेगळ्या दिवशी, अर्धा दिवस पुरे. दुसरी फेरी मुंबईची. वाटेत कार्ले करा, रविवार आणि एकवीरेची यात्रा टाळून. दुसऱ्या दिवशी नालासोपारा पश्चिमेला स्तूप बघा, स्थानिक लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो खणला होता. ठाण्याचे साधू याच सोपाऱ्यात कुठेतरी पुरले होते. तिथून एक स्टेशन मागे वसई रोड, आणि किल्ला. पाणी बरोबर घ्या, आत सावली फक्त मनोऱ्याची आहे. कल्याण मात्र येता-जाता ट्रेनच्या खिडकीतूनच. खाडीचा पूल लागेल तेव्हा फोनमधून मान वर काढा.

कॉस्मासचं पुस्तक वाचायचं असेल त्यांच्यासाठी, मॅक्रिंडलने केलेलं १८९७ चं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे. तिसरं आणि अकरावं प्रकरण वाचा, बाकी पृथ्वीची पेटी आहे.